अठराव्या भोकातलं पाणी

माझ्या मामांनी मला "जाऊ नको" असं कधीच म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडून, दार आपटून केव्हाच गेलो असतो. ते फक्त नवीन काम घ्यायचे. मी पुण्याचं किंवा चाकणचं नाव काढलं की आठवड्याच्या आत शेडमध्ये असं काहीतरी येऊन पडायचं, जे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होण्यासारखं नसायचं. मग मामा टोपी सरळ करत म्हणायचे, "येवढं उरकू दे, मंग बघू." हे 'येवढं' अकरा वर्षं चाललं होतं.

शेड वाळूजला, मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. एक म्हातारं लेथ, एक ड्रिलिंग, एक संगणकावर चालणारं मिलिंग मशीन आणि कोपऱ्यात धापा टाकणारा कॉम्प्रेसर. वडील गेले तेव्हा मी आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला होतो. मामा गंगापूरकडच्या आमच्या गावी आले, आईशी दहा मिनिटं बोलले आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. मामांच्या वडलांची मेंढरं होती. मशीनचं तोंड पाहिलेला त्या घरातला पहिला माणूस म्हणजे मामा. जेवणाची सुट्टी संपली की अजूनही ते कामगारांना 'हुर्र' करूनच आत बोलावतात.

त्यांनी मला खाऊ घातलं, हात धरून काम शिकवलं आणि पुढे स्वतःची मुलगी दिली. मामाची मुलगी करणं आमच्याकडे नवलाचं नाही, सगळ्यांना आनंदच झाला. मलाही झाला, उगाच खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून माझा मालक, माझा मामा, माझा सासरा आणि माझा घरमालक हे सगळे एकाच टोपीखाली आले. मालकाबद्दल कुरकुर करायला घरी जावं तर घरी मालकाची लेक. सासऱ्याबद्दल आईजवळ बोलावं तर तो तिचा पाठचा भाऊ, दर राखीला ती एसटीनं पेढे घेऊन येणार. माणसानं रागवायचं तरी कुठं?

बायको लहानपणापासून मला 'अरे' म्हणायची. लग्न झालं आणि मामींनी तिला 'अहो' शिकवलं. आता ती 'अहो'च म्हणते, फक्त खरी चिडली की जुनं 'अरे' परत येतं. घरात कुठला वारा वाहतोय ते मला त्यावरून कळतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये माझी निवड झाली. मुलाखत मी मामांना न सांगता दिली होती. दाढ दुखते म्हणून सुट्टी घेतली आणि पहाटेची गाडी पकडली. पत्र आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत हजर व्हायचं होतं. बायकोनं ते पत्र तीनदा वाचलं आणि पहिलं काय विचारलं तर, "तिथं ओटा खिडकीजवळ असतो का हो?" मामींच्या स्वयंपाकघरात तिला मिठाचा डबासुद्धा स्वतःच्या मनानं हलवता येत नव्हता. अडकलेला मी एकटाच नव्हतो, पण मला तेव्हा माझंच दिसत होतं.

मामांना सांगितलं तेव्हा ते व्हर्नियर पुसत होते. "चांगलं हाय," म्हणाले आणि पुसतच राहिले. मला वाटलं, यावेळी सुटलो. चौथ्या दिवशी शेडच्या दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून लाकडी खोकं उतरलं.

खोकं आणणारा माणूस जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडे गाड्यांच्या सामानाचं दुकान चालवायचा. चाळिशीचा, हसरा, शर्यतींचा नाद असलेला. एक जुनी जपानी गाडी तो तीन वर्षं स्वतःच्या हातानं जुळवत होता. तिचं इंजिन खोक्यात होतं, सुटं केलेलं. "मामू, ये काम शहर में कोई हाथ नै लगाता," तो म्हणाला. गल्लीतले सगळेच मामांना मामू म्हणतात, त्यामुळे शेडमध्ये भाचे पुष्कळ. पण कामाला जुंपलेला भाचा मी एकटाच.

असलं इंजिन मी पहिल्यांदाच पाहत होतो. आपल्या गाड्यांत पिस्टन वरखाली होतात, यात पिस्टन नव्हतेच. तिकोनी, फुगीर बाजूंचे दोन रोटर आतल्या आत गरगर फिरतात. सगळं इंजिन पाच थरांचं, एकावर एक ठेवलेल्या पुडांच्या डब्यासारखं. तीन थर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जाड प्लेटांचे आणि त्यांच्यामध्ये रोटरची दोन घरं. हे पाच थर अठरा लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. कंपनीनं दिलेल्या ताकदीपुरतं ते ठीक असतं. पण या गृहस्थानं ताकद दुपटीच्या वर नेली होती. तेवढ्या जोरात थर एकमेकांवर सरकू पाहतात, पीळ बसतो आणि इंजिन फाटतं. त्यावर उपाय म्हणजे बारीक बोल्ट काढायचे, भोकं वाढवायची आणि अर्ध्या इंचाचे कडक पोलादी स्टड, म्हणजे बिनमाथ्याचे बोल्ट, बसवायचे. तेही असे की भोकात केसाएवढी सुद्धा जागा उरू नये. मग थरांना हलायला वावच राहत नाही.

"कुणी हलू नये म्हणून सगळ्यांना आवळून ठेवायचं," मी बायकोला जेवताना समजावून सांगितलं. वडलांना ती अण्णा म्हणते. ती म्हणाली, "मंग अण्णांना यायलाच पाहिजे ते काम."

मामांनी काम घेतलं होतं आणि मला विचारलं नव्हतं. मी तणतणलो. मामा म्हणाले, "दसऱ्याला अजून पाच आठवडे हायेत. येवढं उरकू दे, मंग जा. आडवतंय कोन?" वर्षानुवर्षं डायलचे बारीक आकडे मीच त्यांना वाचून दाखवत होतो. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि उजवा त्याच वाटेवर. याबद्दल ते कधी बोलत नसत, फक्त "वाच रे," म्हणत. पाच थरांतून एकाच रेषेत अठरा भोकं न्यायची म्हणजे वाचणाऱ्याचंच काम. माझ्याशिवाय ते होणार नव्हतं आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

एक गोष्ट इथंच कबूल करतो. ते काम मला आवडलं. इतकं आवडलं की स्वतःचाच राग यायचा. आधी थर एकमेकांवर बसवून धरायचे, मध्य शोधायचा, सावकाश ड्रिल सोडायचं, मग रीमर फिरवून भोक आरशासारखं करायचं. सर्वांत खालची, म्हणजे पुढची प्लेट खास होती. तिच्यातली भोकं आरपार नाहीत, तळ असलेली, विहिरीसारखी. त्यांच्यात आटे पाडायचे आणि स्टडचं खालचं टोक तिथं घट्ट बसवायचं. एकेक आटा पडताना बिडाचा काळा भुगा बोटांना लागायचा आणि मी चाकण विसरायचो. संध्याकाळी शिफ्टच्या बसगाड्या सुटायच्या, रस्ता कर्मचाऱ्यांनी भरून जायचा, तेव्हा मला आठवायचं की मला जायचंय.

गिऱ्हाईक दर दोन दिवसांनी येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. पुढच्या प्लेटवरून हात फिरवत एकच वाक्य म्हणायचा, "भाई, संभाल के. ऐसी प्लेट दुसरी मिलती नै." परदेशातल्या कुठल्या तरी भंगारवाल्याकडून वर्षभर मागे लागून त्यानं ती मिळवली होती.

भोकं वेळेत झाली. उशीर केला स्टडांनी. ते कडक करायला दुसरीकडे दिले होते, तिथून ते आले नेमके खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. मी हिशेब केला. खंडेनवमीला सकाळी पूजा, मग हत्यार उचलायचं नाही. दसऱ्याला दुपारी मामा यंत्रांवर आपट्याची पानं वाहणार आणि मगच काम सुरू. मला दसऱ्याची दुपार मिळणार होती. पुढच्या प्लेटमध्ये अठरा स्टड बसवून दिले की थर रचायचं काम गिऱ्हाईक स्वतःच करणार होता. तीन तासांचा खेळ. मी प्लेटची सगळी भोकं हवेनं फुंकून स्वच्छ केली, कापड झाकलं आणि घरी जाऊन बॅग भरायला काढली.

खंडेनवमीला आमच्या शेडचं देऊळ होतं. रात्रीच यंत्रं पुसून ठेवलेली असतात. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायचं, हवा सोडून द्यायची, तोही दिवसभर निजणार. सकाळी मामी हळदकुंकू, झेंडूचे हार घेऊन येतात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, टॅप सगळं एका पाटावर मांडतात. मामा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून येतात आणि हातोडीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत प्रत्येकाला कुंकू लावतात. दर वर्षी मला ते बघायला आवडायचं. त्या वर्षी मी खांबाला टेकून मोबाईलमध्ये बसचं वेळापत्रक बघत उभा होतो.

मामांनी प्लेटवरचं कापड बाजूला केलं. "आवंदाचं मोठं काम हे," म्हणाले आणि ती पाटाशेजारी टेबलावर उताणी ठेवायला लावली. लेथच्या लोखंडी पाटीवर आपटून नारळ फोडला. चाळीस वर्षं ते तिथंच फोडत आलेत, त्या जागी एक खळगाच पडलाय. पाणी वाटीत धरून सगळ्या यंत्रांवर शिंपडलं. वाटीत बरंच उरलं. ते त्यांनी हात सैल सोडून प्लेटवर घातलं, एखाद्या पाहुण्याचे पाय धुवावेत तसं.

मी ते पाहिलं. पाणी प्लेटवरून ओघळताना, कडेच्या भोकांकडे जाताना मी स्वच्छ पाहिलं. मनात आलं, उद्या फुंकून घेऊ. एवढं मनात आल्यावर मी परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

दसऱ्याला दुपारी गिऱ्हाईक पेढे घेऊन आला. मामांनी यंत्रांवर आपट्याची पानं ठेवली, मला एक दिलं, "सोनं घे" म्हणाले. मी पाया पडलो. घरी बायकोनं दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीचं माझं तिकीट होतं, ती महिन्यानं येणार होती. मला लवकरात लवकर त्या शेडमधून बाहेर पडायचं होतं.

कॉम्प्रेसर रिकामा होता. तो भरायला पंधरा मिनिटं लागतात. मी प्लेटवरून फडकं फिरवलं, वरून बघितलं तर सगळं कोरडं. आटे ओले दिसत नव्हते. स्टडला गळती थांबवणारा चिकट लेप लावायला घेतला, कारण या भोकांच्या आजूबाजूनं इंजिनाचं पाणी खेळतं.

गिऱ्हाईक बाहेर फोनवर बोलत होता, तेव्हा मामांनी विचारलं, "भोकं फुंकली का रे?"

"व्हय मामा," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. मी फुंकली होती. पूजेच्या आदल्या दिवशी.

पहिला स्टड सुरेख बसला. दुसरा, तिसरा. प्रत्येक सारखाच वर राहायला हवा, म्हणून मी उंची मोजत होतो आणि मामांना वाचून दाखवत होतो. गिऱ्हाईक फोन उरकून टेबलापाशी आला. सतरा झाले. अठरावा कडेचा होता. तो तीन आटे बाकी असताना जड झाला. मला वाटलं, आटे ताजे आहेत, लेप दाटलाय. मी पाना लावला. अर्धा आटा गेला आणि पुन्हा थांबला. हाताला एक वेगळंच लागत होतं, कडक नाही, दबल्यासारखं. आज विचारलंत तर कुठल्याही शिकाऊ माणसाला मी सांगेन की असं लागलं तर थांब, उलटा फिरव, खाली काहीतरी आहे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त ती पहाटेची गाडी होती. मी पान्याच्या दांड्याला पाइप लावला आणि जोर टाकला.

'टक्' असा आवाज झाला. फार मोठा नाही. सुपारी फुटते तेवढाच.

मामांनी मला हातानं बाजूला केलं. प्लेटच्या कडेला रॉकेलचा बोळा फिरवला, पुसून काढला आणि वर खडूची भुकटी उधळली. पांढऱ्या भुकटीवर एक बारीक ओली रेघ हळूहळू उमटत गेली, भोकाच्या तोंडापासून प्लेटच्या बाहेरच्या कडेपर्यंत. बीड तडकलं होतं. बिडाला जोड नसतो, निदान असल्या जागी तरी नसतो.

"स्टड काढ," मामा म्हणाले.

मी काढला. मामांनी भोकात करंगळी घातली. ती ओली आणि कुंकवानं किंचित लालसर निघाली. त्यांनी ती जिभेला लावली. कालच्या नारळाचं पाणी.

भोकात पाणी साठलेलं असेल आणि वरून घट्ट स्टड उतरत असेल, तर त्या पाण्याला जायला जागा नसते. पाणी दबत नाही. मग बीड फुटतं. हे मला मामांनीच शिकवलं होतं, पहिल्याच वर्षी, शेंगदाणे खाता खाता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बस्स, एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर फार बरं झालं असतं.

मग ते गिऱ्हाइकाकडे वळले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "काल पूजेत नारळाचं पानी म्या वतलं हिच्यावर. जावईबापू म्हनले व्हते मला, भोकं झाकून घ्या म्हनून. म्या ऐकलं नाय. आज बी ते म्हनले थांबा, फुंकू द्या. म्याच घाई केली."

या माणसानं चाळीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. एकदा मापात चुकलेला शाफ्ट त्यांनी गिऱ्हाइकाच्या ड्रॉईंगवर ढकलून दिला होता आणि गिऱ्हाइकाकडूनच माफी मागवून घेतली होती. तो माणूस माझ्यासाठी हात जोडून उभा होता. मी बोलायला हवं होतं. त्या क्षणी बोललो असतो तर सगळंच वेगळं झालं असतं. पण मी बोललो तर मामा खोटे ठरणार, तेही परक्या माणसासमोर, दसऱ्याच्या दिवशी. आणि नाही बोललो तर... मी नाहीच बोललो. खरं कारण मामांची अब्रू होती की माझी भीती, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

गिऱ्हाईक खुर्चीवर बसला. आरडाओरडा केला नाही. "मामू, तीन साल," एवढंच म्हणाला. मग उठला, जाताना पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून गेला.

शेड बंद करताना मामा म्हणाले, "सकाळी गाडी कितीला हाय?"

"साडेपाच."

"म्या सोडतो स्टँडवर." कुलूप ओढून बघत त्यांनी पुढे जोडलं, "प्लेटचं म्या बघतो काय ते. तू जा. तिथं लोक नवे आसतील, नीट ऱ्हा."

अकरा वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो शब्द हा असा मिळाला. घरी मामींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. मी अडीच खाल्ल्या आणि एकीचीही चव लागली नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अण्णांनी केलं ते तुमच्यासाठी केलं. आता जा." तिला जायचंच होतं आणि ती बरोबर होती.

पहाटे मामांनी मला मध्यवर्ती बसस्थानकावर सोडलं. बॅग उतरवून दिली, गाडी लागेपर्यंत थांबले, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि वळून गेले. मोटारसायकल वळवताना त्यांना समोरचा हातगाडा दिसला नाही. शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला. गाडेवाला ओरडला. मामांनी हात वर करून माफी मागितली. दोन दिवसांतली दुसरी.

वाहक तिकिटं बघत मागच्या बाकांवरून पुढे येत होता. मी बॅग उचलली आणि खाली उतरलो.

मी फार मोठं काही केलं असं समजू नका. मी प्रेमानं उतरलो नाही. माझा संताप झाला होता. भांडून जाता आलं असतं, पळून जाता आलं असतं, पण असं, दुसऱ्यानं आपली चूक पाठीवर घेऊन वाट मोकळी करून दिल्यावर कसं जायचं? शेडमध्ये राहिलो तर निदान प्लेट शोधता येईल, ती पुन्हा ड्रिल करता येईल, कधीतरी खरं बोलता येईल. चाकणला बसून यातलं काहीच होणार नव्हतं. नऊ वाजता मी चाकणला फोन लावला. तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की मग ही जागा आम्ही दुसऱ्याला देऊ. मी "हो" म्हणालो.

बायको दारातच उभी होती. "अरे, तू परत कामून आला?" ती म्हणाली. पुढचे चार महिने मी 'अरे'च होतो.

मामांनी मला शेडमध्ये पाहिलं आणि काही विचारलं नाही. "वाच रे," म्हणून डायलकडे बोट केलं.

बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागणार? मामूनं नारळाच्या पाण्यानं परदेशी इंजिन फोडलं. चहाच्या टपरीवर मामा गेले की कुणीतरी विचारायचंच, "मामू, शहाळं देऊ का चहा?" शेजारच्या शेडवाले आपलं बिडाचं काम घेऊन आले की हसत म्हणायचे, "पूजा नका करू बरं याची." मामा त्यांच्याबरोबर हसायचे. स्वतःच सांगायचे, "म्हातारपनी बुद्धी नासली माजी." मी शेजारीच उभा असायचो. एका हातात मायक्रोमीटर, डोळे मापावर, कान तापलेले. रोज वाटायचं, आज सांगून टाकू. आणि रोज वाटायचं, आता सांगितलं तर लोक म्हणतील, सासरा-जावई मिळून खोटं बोलले. जेवढे दिवस जात होते तेवढं ते खोटं गल्लीचंच होऊन बसत होतं.

पाच महिन्यांनी गिऱ्हाइकाला दुसरी प्लेट मिळाली. तो पुन्हा आमच्याकडेच आला, हे त्याचं मोठेपण. यावेळी मी प्रत्येक भोक तीनदा फुंकलं. अठराही स्टड बसले. गाडी सुरू झाली त्या दिवशी त्यानं शेडसमोर इंजिन असं गरजवलं की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मला मिठी मारली आणि मामांना म्हणाला, "मामू, आपके दामाद की सुनते जाव आप." मामा म्हणाले, "आता ऐकतोच हाय." मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण कुठं जाणार?

मग पुन्हा खंडेनवमी आली. हार, पाट, कुंकू, सगळं तसंच. मामांनी नारळ हातात घेतला आणि लेथकडे न जाता शेडच्या बाहेर निघाले. रस्त्याकडेच्या दगडापाशी जाऊन उकिडवे बसले. सुट्टीचा दिवस, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. टपरी बंद, शेजारच्या शेडला कुलूप. मामी आत आरतीचं ताट लावत होत्या. दाखवायला कुणी नसतानाही हा माणूस ते खोटं निभावत होता. मला ते सहन झालं नाही.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "मामा, आत फोडा," म्हणालो. "तुमची चूक नव्हती. पानी जाताना मी पाह्यलं व्हतं. भोकं पूजेनंतर फुंकलीच नव्हती मी."

मामा नारळाची शेंडी सोलत होते. "ठाऊक हाय," म्हणाले.

"मग तुमी कामून घेतलं आपल्यावर?"

"तू चाल्ला व्हता," मामा म्हणाले. "जानाऱ्या मानसानं मान खाली घालून जाऊ नये. नव्या जागी हात कापतो मंग. म्हनलं, म्या इथंच ऱ्हानार, मला काय फरक पडतोय, लोक हसतील चार दिस. तू तर सुटशील." ते थांबले. "मंग तू उतारला कामून गाडीतून? मला लई दिस इचारायचं व्हतं."

मी सांगितलं. "तुमी ते बोललात म्हणून."

मामांचे हात थांबले. एक डोळा बारीक करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आकडा लागत नसला की डायलकडे पाहतात तसं.

"म्हंजी म्या फुकटच खोटं बोललो व्हय?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो असतो तर त्यांनी वर्षभर सोसलेलं हसू फुकट गेलं असतं, आणि नाही म्हणालो असतो तर ते आणखी एक खोटं झालं असतं. मी त्यांच्या हातातला नारळ घेतला आणि आत लेथकडे चालू लागलो.